घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट : आधी सवयी बदला, मग सिस्टीम

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद झाले. घरगुती वापरासाठी नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ मायक्रोसॉफ्टने ठेवली, पण तीही तेवढ्यापुरतीच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. त्यामुळे २०१५-१७ च्या सुमारास घेतलेले, आजही ठणठणीत चालणारे कितीतरी लॅपटॉप आणि डेस्कटॉप एका फटक्यात 'जुने' ठरले. दुकानात चौकशी केली की उत्तर ठरलेलं असतं : नवीन घ्या.

घ्यायची गरज नाही. सहाव्या-सातव्या पिढीचा आय-३ किंवा आय-५ आणि ४ जीबी रॅम एवढं असलं तरी लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी बसणारी सिस्टीम त्यावर व्यवस्थित चालते, ८ जीबी असेल तर उत्तमच. घरात लागणारी बहुतेक कामं, म्हणजे इंटरनेट, बँक, पत्रं, मुलांचा अभ्यास, फोटो, सिनेमे, सगळं त्यावर होतं. पैसे द्यावे लागत नाहीत, ॲक्टिव्हेशन की नाही, क्रॅक शोधत फिरणं नाही. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्राम ज्यातून बनतो तो मूळ मजकूर, सगळ्यांसाठी खुला आहे. तो कोणीही पाहू शकतो, बदलू शकतो, पुढे वाटू शकतो.

लिनक्सचं बीज १९९१ चं. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहायला घेतला. त्याभोवतीची बरीचशी साधनं रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पातून आली. कर्नल आणि साधनं एकत्र बांधून वापरायला तयार केलेल्या संचाला डिस्ट्रो म्हणतात. उबुंटू, फेडोरा, डेबियन अशा पुष्कळ डिस्ट्रो आहेत आणि कुठली चांगली यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात. नवख्याने त्या वादात पडू नये. क्लेमाँ लफेव्र यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं मिंट घ्यावं. खाली डावीकडे मेन्यू, तळाला पट्टी, उजवीकडे घड्याळ अशी त्याची मांडणी विंडोजवाल्याच्या हाताला लगेच बसते. ते उबुंटूच्या पायावर उभं असल्याने उबुंटूसाठी लिहिलेले उपायही बहुतेक वेळा चालतात. मिंट २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

मला एक गोष्ट अगदी कळकळीने सांगायची आहे. लिनक्स टाकून दोन आठवड्यांत परत विंडोजवर जाणारे लोक लिनक्स अवघड आहे म्हणून जात नाहीत. त्यांनी एकाच दिवशी सिस्टीम, ब्राउझर, वर्ड, फोटोचा प्रोग्राम आणि टायपिंगची पद्धत असं सगळं बदललेलं असतं. त्यात एखादं तातडीचं काम अडतं आणि परतायचा रस्ता तर स्वतःच पुसून टाकलेला असतो. म्हणून या लेखातला क्रम तसाच ठेवा. इन्स्टॉल करायचं काम सगळ्यात सोपं आहे, ते शेवटाकडे येईल.

तुमचं काम लिनक्सवर होतं का?

कागद घ्या आणि घरातला प्रत्येक जण कॉम्प्युटरवर काय-काय करतो ते लिहा. 'इंटरनेट' एवढंच लिहू नका. नेमकी साइट, नेमका प्रोग्राम लिहा.

जे काही ब्राउझरमध्ये चालतं ते बहुतेक सगळं लिनक्सवरही चालतं. नेट बँकिंग, डिजिलॉकर, सातबारा उतारा, बालभारतीची पीडीएफ पुस्तकं, व्हॉट्सॲप वेब, ओटीटीवरचे सिनेमे यांची काळजी नको. आधारची पीडीएफ नेहमीचाच पासवर्ड घालून उघडते. झूमचा लिनक्ससाठी वेगळा प्रोग्राम आहे.

आता अडणाऱ्या गोष्टी. टॅली फक्त विंडोजसाठी आहे. फोटोशॉप, कोरल ड्रॉ आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा डेस्कटॉपवरचा संच लिनक्ससाठी मिळत नाही. यातल्या कशावर घराचं पोट चालत असेल, तर ते मशीन विंडोजवरच राहू द्या आणि लिनक्स दुसऱ्या मशीनवर टाका. वाइन नावाचं साधन काही विंडोज प्रोग्राम लिनक्सवर चालवतं, पण रोजीरोटीचं काम त्याच्या भरवशावर टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जीएसटी किंवा निविदांसाठी डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर तोही याच यादीत धरा. घरात कोणी एमएस-सीआयटी करत असेल तर सराव विंडोज आणि ऑफिसवर करावा लागतो, तोवर थांबा.

डीटीपीचं काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या प्रमाणित पद्धतीचा, नसतो. त्याच फॉन्टची फाइल लिनक्समध्ये बसवली तर मजकूर वाचता येतो, पण ज्या सॉफ्टवेअरमधून तुम्ही तो टाइप करता ते विंडोजचं आहे. जुन्या पत्रिका, अहवाल, स्मरणिका पुढे लागणार असतील तर आत्ताच, विंडोज चालू असताना, फॉन्ट कन्व्हर्टर वापरून त्यांची युनिकोड प्रत काढून ठेवा. नंतर हे काम फार किचकट होतं.

तीन-चार आठवडे विंडोजवरच सराव करा

लिनक्सवर जे प्रोग्राम वापरायचे आहेत त्यातले बहुतेक विंडोजवरही फुकट मिळतात. फायरफॉक्स, लिबर ऑफिस, व्हीएलसी, फोटोसाठी गिंप, चित्रं आणि लोगोसाठी इंकस्केप, ईमेलसाठी थंडरबर्ड. हे आजच टाका आणि रोजचं काम त्यांतच करा.

यात खरी परीक्षा लिबर ऑफिसची असते. सोसायटीच्या हिशोबाची एक्सेल फाइल उघडून पाहा, बेरजा बरोबर येतात का बघा. मुलाचं प्रोजेक्ट, बायोडेटा, शाळेच्या नोटिसा उघडा. साधी कागदपत्रं व्यवस्थित उघडतात. गुंतागुंतीचे तक्ते, मजकुराच्या चौकटी आणि मॅक्रो, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असलेल्या फाइल्स विस्कटू शकतात. दुसऱ्याला पाठवायची फाइल वर्डच्या डॉक्स प्रकारात सेव्ह करायची सवय लावा. समोरच्याने फक्त वाचायची असेल तर पीडीएफ करून पाठवा. त्यासाठी वरच्या पट्टीतच बटण आहे.

मराठी लिहिणाऱ्यांनी लिबर ऑफिसमध्ये एक गोष्ट पहिल्याच दिवशी करावी. टूल्स, ऑप्शन्स, तिथे लँग्वेजेस, आणि त्यात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' समोर मराठी निवडा. मग रायटरच्या बेसिक फॉन्ट्समध्ये याच सीटीएल विभागात देवनागरी फॉन्ट आणि त्याचा आकार ठरवा. लिबर ऑफिस इंग्रजीचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळे सांभाळतं. हे माहीत नसलं की इंग्रजी अक्षरं बारा आकाराची, मराठी वेगळ्याच आकाराची असं होतं आणि माणूस वैतागतो.

या आठवड्यांत रोजचं काम सुरळीत झालं तर पुढे जा. नाही झालं तर काय अडतं ते नेमकं कळलं, आणि तुमचं काहीच बिघडलेलं नाही.

बॅकअप

बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज हे फोल्डर तिच्यावर उतरवा. सी ड्राइव्हवर इतरत्र काही ठेवलंय का तेही शोधा. टॅलीचा डेटा, स्कॅनरचं फोल्डर, कॅमेऱ्यातून उतरवलेले फोटो हमखास भलत्याच जागी असतात. ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड एक्सपोर्ट करा किंवा खात्यात लॉगिन करून सिंक करा. वापरायचे खास फॉन्टही कॉपी करून घ्या. डिस्क फॅट-३२ प्रकारची असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर बसत नाही, लग्नाचे व्हिडिओ तिथे अडतात. अशा वेळी डिस्क रिकामी असतानाच ती एक्सफॅट किंवा एनटीएफएस प्रकारात फॉरमॅट करून घ्या.

कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं धरू नका. ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि चार-पाच फाइल्स उघडून बघा. अगदी महत्त्वाचे फोटो आणखी एका ठिकाणी ठेवा.

विंडोजमध्येच अजून दोन कामं आहेत. सेटिंग्जमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू आहे का बघा. असेल तर रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बदल केल्यावर विंडोज ती मागू शकतं. दुसरं काम फास्ट स्टार्टअप बंद करायचं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटण काय करतं ते ठरवायच्या पानावर ती खूण असते. ती चालू राहिली तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्समधून ती डिस्क उघडली तरी तिच्यावर काही लिहिता येत नाही.

डिस्कचा निर्णय

लिनक्स बसवायचे तीन मार्ग आहेत. विंडोज पुसून टाकणं, एकाच डिस्कचे भाग पाडून दोन्ही ठेवणं, आणि नवीन डिस्क घालणं. माझा सल्ला तिसऱ्या मार्गाचा आहे आणि शक्य असेल तर तोच धरा असा आग्रहही आहे.

जुन्या मशीनमध्ये बहुधा फिरती हार्ड डिस्क असते. मशीन हळू झालंय ही तक्रार असते तेव्हा खरं दुखणं बहुतेक तिथेच असतं. २४०-२५६ जीबीची साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवर चालणारी वेगवान डिस्क, घ्या, जुनी डिस्क काढा आणि तिच्या जागी ही बसवा. २०१५ च्या आसपासच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा डिस्कच असते. तुमच्यात काय आहे ते मॉडेल नंबर सांगून दुकानात विचारा, बसवूनही तिथेच मिळते. काढलेल्या डिस्कवर विंडोज, तुमच्या फाइल्स, सगळं जसंच्या तसं राहतं. काही अडलं तर स्क्रू काढून ती परत बसवली की तुम्ही जुन्या घरात. शिवाय साटा-यूएसबी केसिंगमध्ये ती घातली की मिंटमधूनही तिच्यातल्या फाइल्स वाचता येतात.

एकाच डिस्कवर दोन्ही ठेवायचं, म्हणजे ड्युअल बूट, हेही चालतं. फक्त विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर कधीकधी मशीन थेट विंडोजमध्येच सुरू व्हायला लागतं आणि बायोसमधला क्रम बदलावा लागतो. घड्याळाचाही घोळ होऊ शकतो. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, आणि विंडोज उघडल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसतं. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमध्ये 'सिंक नाऊ' दाबलं की ते तेवढ्यापुरतं जागेवर येतं.

पेनड्राइव्ह तयार करणं

८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे, तेव्हा आधी रिकामा करा.

लिनक्स मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टीम भरलेली एकच फाइल, उतरवा. तीन आवृत्त्या दिसतील. सिनॅमन सगळ्यात देखणी आणि सोयीची, एक्सएफसीई सगळ्यात हलकी, माटे दोन्हींच्या मधली. ४ जीबी रॅम आणि जुना प्रोसेसर असेल तर एक्सएफसीई, नाहीतर सिनॅमन. फाइल साधारण ३ जीबीची असते, तेव्हा मोबाइलच्या रोजच्या डेटात ती एका दमात बसेलच असं नाही. अशा वेळी साइटवरच्या टॉरंटने उतरवा. अर्धवट थांबली तरी दुसऱ्या दिवशी तिथून पुढे सुरू होते.

उतरवलेली फाइल अस्सल आहे का ते तपासा. २०१६ च्या फेब्रुवारीत मिंटच्याच साइटमध्ये घुसून हल्लेखोरांनी लोकांना दूषित आयएसओ उतरवायला लावली होती. म्हणून चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेली तिच्या ओळखीची ओळ, जुळवून पाहावा. पद्धत सोपी आहे. विंडोजमध्ये सेव्हन-झिप टाका, फाइलवर राइट क्लिक करून सीआरसी-शा मेन्यूतलं शा-२५६ निवडा, आणि आलेली लांबलचक ओळ साइटवर दिलेल्या ओळीशी जुळवा. सुरुवातीची आणि शेवटची सात-आठ अक्षरं पाहून थांबू नका, पूर्ण ओळ बघा. न जुळल्यास फाइल काढून टाका आणि पुन्हा उतरवा.

मग रूफस हा छोटा प्रोग्राम उघडा. वर पेनड्राइव्ह निवडा, खाली आयएसओ निवडा. २०१३ नंतरच्या मशीनसाठी पार्टिशन स्कीम जीपीटी, त्याआधीच्या मशीनसाठी एमबीआर. स्टार्ट दाबा, विचारलेल्या प्रश्नाला सुचवलेलंच उत्तर ठेवा. काही मिनिटांत पेनड्राइव्ह तयार होतो.

न टाकता चालवून पाहा

मशीन बंद करा, पेनड्राइव्ह लावा, चालू करा आणि लगेच बूट मेन्यूची कळ दाबत राहा. डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ १२ असते, पण आधी एफ २ दाबून बायोसमध्ये ती चालू करावी लागते. मेन्यूत पेनड्राइव्ह निवडा.

थोड्या वेळाने मिंटचा डेस्कटॉप येईल. हे सगळं पेनड्राइव्हवरून चाललेलं आहे, तुमच्या डिस्कला अजून हातही लागलेला नाही. इथे घाई करू नका, तासभर द्या. वाय-फाय जोडा. व्हिडिओ लावून आवाज ऐका. कॅमेरा, माइक, ब्लूटूथ, टचपॅड, प्रकाश कमी-जास्त करायच्या कळा, सगळं करून बघा. लॅपटॉपचं झाकण मिटा, दोन मिनिटांनी उघडा आणि तो नीट जागा होतो का पाहा. प्रिंटर जोडून एक पान काढा. पेनड्राइव्हमुळे वेग कमी वाटेल, तो मनावर घेऊ नका.

वाय-फाय दिसलंच नाही तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनवर यूएसबी टेदरिंग चालू करा. नेट लगेच मिळतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून तुमच्या वाय-फाय चिपसाठी ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा छोटा प्रोग्राम, सुचवतो का ते पाहा. ब्रॉडकॉमच्या काही चिप्सना हेच करावं लागतं.

इन्स्टॉल

वीज जाईल का याचा विचार आधी करा. लॅपटॉप चार्जरला जोडलेला हवा, डेस्कटॉप यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर हवा. तुमच्याकडे ज्या दिवशी देखभालीसाठी वीज बंद असते तो दिवस टाळा.

डेस्कटॉपवरच्या 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' या चिन्हावर दोनदा क्लिक करा. भाषांच्या यादीत मराठी आहे, तरी सिस्टीमची भाषा सध्या इंग्रजी ठेवा असं मी सुचवेन. काही अडलं की चूक दाखवणारा संदेश जसाच्या तसा शोधावा लागतो, आणि त्यावरची बहुतेक उत्तरं इंग्रजी संदेशासाठीच लिहिलेली असतात. मराठी वाचायला-लिहायला त्याने काही फरक पडत नाही. कीबोर्डमध्ये 'इंग्लिश, इंडिया, विथ रुपी' निवडलंत तर उजवी ऑल्ट आणि ४ दाबून रुपयाचं चिन्ह येतं.

पुढे मल्टिमीडिया कोडेक, म्हणजे गाणी-व्हिडिओ चालवायला लागणारे भाग, टाकायचे का असं विचारतं. खूण करा. सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारी मशीनची सोय, चालू असेल तर इथे एक पासवर्ड ठरवायला सांगितलं जाईल. तो कागदावर लिहा. इन्स्टॉल झाल्यावर पहिल्या रीस्टार्टला निळा स्क्रीन येतो, त्यात 'एन्रोल एमओके' निवडून हाच पासवर्ड द्यायचा असतो. हा स्क्रीन पाहून अनेक जण घाबरतात आणि घाईघाईने पुढे जातात, मग काही ड्रायव्हर चालत नाहीत. घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

आता सगळ्यात जपून हाताळायचं पान : इन्स्टॉलेशन टाइप. नवीन एसएसडी घातली असेल आणि मशीनमध्ये दुसरी डिस्क नसेल, तर 'इरेज डिस्क' निवडा. पुसण्यासारखं काही नाहीच. ड्युअल बूट हवं असेल तर 'इन्स्टॉल अलाँगसाइड' निवडा, मधली रेघ सरकवून मिंटला निदान १०० जीबी द्या. डेस्कटॉपमध्ये दोन डिस्क असतील तर खालच्या यादीत डिस्कचं नाव आणि आकार वाचा. ५०० जीबीची जुनी आणि २४० जीबीची नवी यांत गल्लत होऊ नये म्हणून मी तर सांगेन, जुन्या डिस्कची केबल तेवढ्यापुरती काढून ठेवा. तिसरा पर्याय 'समथिंग एल्स' हा आहे. त्याचा अर्थ कळत नसेल तर त्यात शिरू नका.

डिस्क दिसतच नसेल तर बायोसमध्ये साटा मोड आरएसटी किंवा रेड असा असण्याची शक्यता आहे, तो एएचसीआय करावा लागतो. ड्युअल बूट करणाऱ्यांनी हा बदल सहज म्हणून करू नये, कारण तयारी न करता बदलला तर विंडोज सुरू होत नाही.

'इन्स्टॉल नाऊ' दाबल्यावर काय बदल होणार त्याची यादी येते. ती पूर्ण वाचा. 'कंटिन्यू' दाबेपर्यंत परत फिरता येतं, दाबल्यावर नाही. नकाशावर कोलकाता निवडा, नाव आणि पासवर्ड ठरवा. युजरनेम लहान इंग्रजी लिपीत ठेवा. हा पासवर्ड नवा प्रोग्राम टाकताना दरवेळी लागतो. एसएसडीवर बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत काम होतं. शेवटी पेनड्राइव्ह काढून एंटर दाबायला सांगतं.

पहिल्या संध्याकाळची कामं

स्वागताची खिडकी उघडेल, तिच्यात 'फर्स्ट स्टेप्स' आहे. आधी टाइमशिफ्ट. तो सिस्टीमची प्रत काढून ठेवतो. एखाद्या अपडेटने काही बिघडलं तर आधीच्या तारखेवर परत जाता येतं. आरसिंक निवडा, रोजच्या दोन आणि आठवड्याच्या दोन प्रती ठेवा. लक्षात घ्या, टाइमशिफ्ट तुमचे फोटो आणि कागदपत्रं सांभाळत नाही, त्यांचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर वेगळा घ्यायचा आहे.

मग अपडेट मॅनेजर, म्हणजे खाली उजवीकडची ढाल. सगळे अपडेट टाका. ड्रायव्हर मॅनेजर उघडा, एनव्हिडिया कार्ड असेल तर सुचवलेला ड्रायव्हर घ्या. फायरवॉलचं बटण चालू करा.

प्रोग्राम टाकायची सवय मात्र बदलावी लागते. साइटवरून सेटअप फाइल उतरवायची आणि नेक्स्ट-नेक्स्ट करायचं, हे इथे नाही. सॉफ्टवेअर मॅनेजर उघडायचा, नाव शोधायचं, इन्स्टॉल दाबायचं. कुठल्याशा व्हिडिओत सांगितलेली आज्ञा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चिकटवायची असेल तर ती काय करते हे आधी समजून घ्या. व्हॉट्सॲप वेबसाठी मिंटमधलं 'वेब ॲप्स' वापरा, मेन्यूत स्वतंत्र चिन्ह तयार होतं. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी अक्षरं मोठी करायची असतील तर फॉन्ट सिलेक्शनमध्ये टेक्स्ट स्केलिंग वाढवा.

मराठी टायपिंग

मराठी वाचायला काही करावं लागत नाही, नोटो हे देवनागरी फॉन्ट आलेलेच असतात. लिहिण्यासाठी दोन वाटा आहेत.

सोपी वाट कीबोर्डच्या सेटिंगमधली. लेआउट्समध्ये जाऊन मराठीचा लेआउट जोडा. 'कगप फोनेटिक' हा उच्चारानुसार चालतो. दुसरी वाट आयबस, म्हणजे वेगवेगळ्या भाषांत टाइप करू देणारा प्रोग्राम. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम १७ एन टाका, 'इनपुट मेथड'मध्ये आयबस निवडा, लॉगआउट करून परत या. मग आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये मराठी जोडलं की इनस्क्रिप्ट, आयट्रान्स, फोनेटिक असे प्रकार दिसतात. विंडोजची कळ आणि स्पेस दाबून भाषा बदलते.

इंग्रजी अक्षरं अंदाजाने टाइप करून खाली आलेल्या शब्दांतून निवडायची सवय असेल, तर इथे थोडा त्रास होईल. आयट्रान्समध्येही इंग्रजी अक्षरांतूनच मराठी उमटतं, पण ते नियमाने चालतं, सुचवत बसत नाही. माझं म्हणणं असं की एवढा बदल करताच आहात तर इनस्क्रिप्ट शिका. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. र जे या कळेवर आहे, शिफ्टसह तिथेच ऱ आहे. ल एनवर, शिफ्टसह ळ. 'सुऱ्या' किंवा 'दऱ्या' लिहिताना जो अर्धा र लागतो तो शिफ्ट-जे, मग डी, मग तिरक्या रेघेच्या कळेवरचा य, असा बरोबर उमटतो. उच्चारी पद्धतीत लोक इथेच अडकतात. शिवाय हाच लेआउट विंडोजवर आणि फोनवरही मिळतो, त्यामुळे शिकलेलं वाया जात नाही.

प्रिंटर

नवे वाय-फाय प्रिंटर बहुतेक आपोआप ओळखले जातात. एचपीसाठी एचपीलिप हे कंपनीचंच साधन आहे. आपल्याकडे घरोघरी आणि दुकानोदुकानी असलेला लेझरजेट १०२० त्याने चालतो, फक्त एक जादा प्लगइन उतरवावा लागतो. एचपीच्या टूलबॉक्समधून तो घेता येतो. एप्सन आणि ब्रदर लिनक्ससाठी ड्रायव्हर देतात. कॅनन एलबीपी २९०० हाही आपल्याकडे फार दिसतो, पण तो कॅप्ट नावाच्या वेगळ्या पद्धतीवर चालतो आणि लिनक्सवर बसवायला किचकट आहे. घरात तोच असेल आणि रोज छपाई लागत असेल तर हा प्रश्न लाइव्ह पेनड्राइव्हवरच सोडवून घ्या, इन्स्टॉलपर्यंत लांबवू नका.

अडलं तर

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिबर ऑफिस शिकवणारे छोटे व्हिडिओ आहेत, त्यांतले बरेच मराठीतही आहेत. मुलांना आणि निवृत्त मंडळींना ते छान जमतात.

कुणाला प्रश्न विचारायचा असेल तर 'चालत नाही' एवढं लिहून थांबू नका. मेन्यूतून 'सिस्टीम इन्फर्मेशन' (जुन्या आवृत्तीत 'सिस्टीम रिपोर्ट्स') उघडा, सिस्टीम इन्फर्मेशनवर जा आणि कॉपी दाबा. मशीनचा सगळा तपशील तयार मिळतो, तो प्रश्नाखाली चिकटवा. मग तीन गोष्टी लिहा : तुम्ही काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं. स्क्रीनवर चूक दाखवणारा संदेश आला असेल तर तो अक्षर न अक्षर उतरवा. आणि मिंटची कुठली आवृत्ती, सिनॅमन की एक्सएफसीई, हे पहिल्याच ओळीत सांगा. उत्तर देणारा आधी तेच विचारतो.